दात पडला, तुटला, ठणकायला लागला: घरच्यांनी विचारलेले प्रश्न

तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दात वाचणार की जाणार याचा निकाल बहुतेक वेळा पेशंट माझ्या दारात येण्याआधीच लागलेला असतो. घरातल्या माणसांनी पहिल्या अर्ध्या तासात काय केलं, त्यावर तो ठरतो. आणि नुकसान होतं ते बहुतेकदा मायेपोटीच: कुणी दात घासून स्वच्छ करतं, कुणी सुजलेला गाल रात्रभर शेकत बसतं. म्हणून गेली कित्येक वर्षं लोक मला फोनवर जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे.

मुलाचा पुढचा दात मुळासकट बाहेर पडला. आता काय करू?

आधी मुलाकडे बघा. तो शुद्धीवर आहे का, उलटी झाली का, डोक्याला मार लागलाय का? तसं काही असेल तर दात बाजूला राहू द्या आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा.

मूल ठीक असेल तर दात शोधा. तो उचलताना पांढऱ्या बाजूने धरा, म्हणजे जो भाग हसताना दिसतो त्या बाजूने. पिवळसर, निमुळतं मूळ असतं त्याला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली फार तर दहा सेकंद धरा. घासू नका. साबण, डेटॉल, हळद, मीठ काहीही नको.

मग तो दात जिथून पडला त्याच खाचेत परत बसवा. वाचून भीती वाटेल, पण हे घरचं माणूसही करू शकतं. शेजारचा दात बघा, तशीच गुळगुळीत फुगीर बाजू ओठाकडे ठेवा आणि हलक्या हाताने दाबा. मुलाला स्वच्छ रुमाल दाताखाली धरायला द्या आणि निघा. शाळेत असं घडलं आणि शिक्षकांनी हे तिथल्या तिथे केलं, तर त्यांनी माझं अर्ध्याहून जास्त काम केलेलं असतं.

बसवायची हिंमत होत नाही. मग दात कशात आणू?

दुधात. वाटीभर गार, बिनसाखरेच्या दुधात. पिशवीचं दूध उत्तम.

याचं कारण समजलं की विसरायला होत नाही. दाताच्या मुळावर जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. दात हाडाला धरून ठेवणारे बारीक तंतू त्याच थरातले. बसवलेला दात पुन्हा रुजतो तो या पेशींच्या जोरावर. उघड्या हवेत त्या सुकतात. अर्ध्या तासात पुष्कळशा आणि तासाभरात जवळपास सगळ्या मरतात. साध्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात, त्यामुळे पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. दुधातले क्षार मात्र शरीराशी बरेच जुळणारे असतात, म्हणून त्यात पेशी काही तास तग धरतात.

दूध नसेल तर सलाइनची बाटली चालेल. तीही नसेल तर छोट्या डबीत मुलाचीच थुंकी घ्या आणि दात त्यात बुडवून ठेवा. मोठं माणूस असेल तर गालात धरूनही येऊ शकतं. लहान मूल गिळून टाकेल. शहाळ्याच्या पाण्याबद्दल कोकणातले लोक हमखास विचारतात. ते आम्लधर्मी असतं, दूध हाताशी असेल तर दूधच घ्या.

कबड्डी खेळताना दात पडलेला सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. आजीने दात साबणाने घासून लख्ख केला होता, वर हळद लावून रुमालात गुंडाळला होता. दोन तास झाले होते. दात इतका स्वच्छ होता की माझ्या पोटात कालवलं, कारण ज्या थराने तो रुजायचा तोच घासला गेला होता. आम्ही तो तरीही बसवला. असा दात हाडाला थेट चिकटतो आणि पुढच्या काही वर्षांत त्याचं मूळ हळूहळू झिजत जातं, पण वाढत्या वयात तेवढी वर्षं जागा आणि हाड सांभाळलं जातं. म्हणून उशीर झाला तरी दात फेकू नका, घेऊन या. त्या आजींना मी दोष दिला नाही. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दात परत बसवला. पुढे काय?

आम्ही तो शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतो. तेवढे दिवस मऊ भात, खिचडी, लापशी. मऊ ब्रशने सफाई. मूळ पूर्ण तयार झालेलं असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत रूट कॅनाल, म्हणजे दातातली नस काढून ती पोकळी भरणं, सुरू करावं लागतं. लहान मुलाच्या मुळाचं टोक अजून उघडं असेल तर आतली नस पुन्हा जगण्याची शक्यता असते, त्यामुळे तिथे वाट बघतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून या. आणि दिसायला बरं झालं म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नका. मूळ झिजायला लागलं तर ते एक्सरेतच कळतं.

दुधाचा दात पडला तरी हेच करायचं का?

नाही. दुधाचा दात परत बसवायचा नाही. त्याच्या मुळाच्या वर, हाडात, कायमचा दात तयार होत असतो. दाबून बसवताना त्याला इजा होते. तरी मुलाला दाखवायला आणा, आणि दात सापडला नाही तर तेही सांगा. पडल्यापासून मूल खोकत असेल किंवा श्वासात घरघर असेल तर दात श्वासनलिकेत गेला असू शकतो. मग दवाखाना नको, लगेच रुग्णालय.

समोरचे कायमचे दात साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात. त्या वयात दात दुधाचा की कायमचा हे ओळखता येत नसेल तर बसवू नका, दुधात घालून आणा.

दात पडला नाही, पण हलतोय. एक तर आत घुसल्यासारखा दिसतो.

ओढून बाहेर काढू नका, बोटाने हलवून बघत बसू नका. त्याच दिवशी दाखवा. दात जागेवरून सरकल्यामुळे तोंड नीट मिटत नसेल तर लगेच निघा.

दाताचा तुकडा उडाला.

तुकडा शोधा आणि तोही दुधात किंवा पाण्यात ठेवा. पुष्कळदा तोच तुकडा पुन्हा चिकटवता येतो, आणि तो इतका बेमालूम बसतो की कृत्रिम भराव त्याच्यापुढे फिका पडतो. तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत असेल तर नस उघडी पडली आहे. उद्यावर टाकू नका. ओठ फाटला असेल तर आत तुकडा रुतलेला नाही ना, हे तपासायला सांगा. ही गोष्ट टाके घालायच्या घाईत निसटते.

रात्री दोन वाजता दाढ ठणकते आहे. सकाळपर्यंत काय करू?

आडवं पडल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि बंद दाताच्या आत सुजलेल्या नसेला फुगायला जागा नसते, म्हणून रात्रीच ठणका वाढतो. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा. दातांच्या फटीत अन्न अडकलं असेल तर फ्लॉसने किंवा स्वच्छ दोऱ्याने काढा. टाचणी, काडी, सेफ्टीपिन नको. बाहेरून गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा.

गोळ्यांचं बोलायचं तर, धडधाकट मोठ्या माणसाला जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, ही जोडी दातदुखीवर चांगली लागू पडते. पुढच्या डोसआधी सहा तास जाऊ द्या. या दोन्ही औषधांची एकत्र गोळीही मिळते. ती घेतली असेल तर वर वेगळं पॅरासिटामॉल घेऊ नका. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी, यातलं काहीही असेल तर आयबुप्रोफेन टाळा. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंगूची शंका असेल तरीही टाळा. यकृताचा आजार नसेल तर अशांनी नुसतं पॅरासिटामॉल घ्यावं.

मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी तोडून देऊ नका. पॅरासिटामॉलचं औषध वजनाप्रमाणे द्यायचं असतं. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. निमेसुलाइड या ताप-दुखीच्या औषधावर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी जुनी बाटली घरात निघते. ती टाकून द्या.

लवंगेचं तेल लावलं तर?

चालतं, बेतानं. त्यातलं युजेनॉल थोडा वेळ बधिरपणा आणतं. कापसाच्या बारीक बोळ्यावर एक थेंब घ्या, बोळा टिपून घ्या आणि किडलेल्या खड्ड्यात ठेवा. हिरडीवर चोळलं तर हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी धरून बसणारे अजूनही येतात. गोळीतल्या आम्लाने गालाचं आतलं कातडं पांढरं पडून सुटतं. मिसरी किंवा तंबाखूची चिमूट दाबून ठेवणं तर आजच्या ठणक्यासाठी उद्याचा मोठा आजार विकत घेणं आहे.

मेडिकलमधून अँटिबायोटिकचा कोर्स आणला. मग दवाखान्यात यायची गरज आहे का?

आहे. नस सुजून होणाऱ्या ठणक्यावर अँटिबायोटिक काम करत नाही. पू झाला असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते, म्हणजे रूट कॅनाल, चीर देणं किंवा दात काढणं. गोळी रक्तातून जाते आणि मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही. ताप असेल, सूज पसरत असेल, तर आम्ही अँटिबायोटिक देतो, पण उपचाराच्या जोडीला. "तीन दिवस गोळ्या घेतल्या, थांबलं होतं" असं सांगत महिन्याने सुजलेला गाल घेऊन येणारे पेशंट मला दर आठवड्याला दिसतात.

गालावर सूज आली आहे. शेकू का?

शेकू नका. बाहेरून ऊब दिली की सूज त्या दिशेने पसरायला मदत होते. गरम विटकर, हळदीचा लेप, तव्यावर तापवलेलं फडकं, सगळं बाजूला ठेवा. सुईने फोडूही नका. तोंडातल्या तोंडात कोमट मिठाच्या चुळा चालतील.

आता या पानावरचा सगळ्यात गंभीर भाग. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी किंवा गळ्याकडे कडक सूज, जीभ वर उचलल्यासारखी वाटणं, गिळताना त्रास, लाळ गळणं, आवाज घोगरा होणं, तोंड न उघडणं, श्वास लागणं, किंवा सूज चढत चढत डोळा बंद होणं. यातलं एकही लक्षण दिसलं तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात जा. जिभेखालचा हा जंतुसंसर्ग लुडविग या जर्मन डॉक्टराने १८३६ मध्ये नोंदवला, त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. त्यात माणूस दगावतो तो सूज श्वासाची वाट दाबते म्हणून, आणि सुरुवात बहुतेकदा खालच्या मागच्या दाढेतून होते. मधुमेह असलेल्यांमध्ये हे वेगाने वाढतं. साखर किती आहे ते सांगा, गोळ्यांची पिशवी सोबत न्या.

दुखत होतं ते आपोआप थांबलं. बरं झालं ना?

बहुधा नस मेली. दुखणं सांगणारीच गेली, संसर्ग तिथेच आहे आणि हाडाकडे सरकतो आहे. हा शांत काळ उपचाराला सोपा असतो, तेव्हाच या.

खालचा जबडा दुखतो, पण नेमका कोणता दात ते सांगता येत नाही.

चालल्यावर, जिना चढल्यावर जबडा दुखतो आणि थांबलं की कमी होतो का? सोबत घाम, छातीत दडपण, डाव्या हातात कळ, मळमळ? तर हे हृदयाचं दुखणं असू शकतं. दात तपासायला येऊ नका, ताबडतोब रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा.

दाढ काढली, रक्त थांबतच नाही.

पहिल्या दिवशी थुंकी गुलाबी येणारच. थोडं रक्त लाळेत मिसळलं की पुष्कळ वाटतं. ताठ बसा, स्वच्छ गॉजची किंवा सुती फडक्याची घट्ट घडी ओली करून पिळा, बरोबर त्या खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास सलग दाबून धरा. सलग म्हणजे सलग. दर दोन मिनिटांनी काढून बघितलं तर गाठ धरत नाही. गॉज नसेल तर चहाची ओली, गार केलेली पुडी वापरा. चहातलं टॅनिन रक्त थांबवायला मदत करतं. असं दोनदा करूनही ताजं लाल रक्त भरून येत असेल तर निघा.

चोवीस तास चूळ नको, सतत थुंकणं नको, स्ट्रॉ नको, विडी-सिगारेट-तंबाखू अजिबात नको. यातल्या कशानेही खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून येते, हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. तसं झालं तर सोसत बसू नका. खड्डा धुऊन औषध भरलं की बराच आराम पडतो.

वडील रक्त पातळ करायची गोळी घेतात. दात काढायच्या आधी बंद करावी का?

स्वतःच्या मनाने कधीच नाही. हिरडीतलं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. गोळी बंद केल्यामुळे मेंदूत किंवा हृदयात झालेली रक्ताची गाठ तशी थांबवता येत नाही. हृदयाची झडप बदललेली असेल तर तेही आधी सांगा, कारण अशा पेशंटना दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो.

वरचा दात काढला की नजर जाते म्हणतात.

जात नाही. दाताची नस वेगळी, डोळ्याने बघण्याची नस वेगळी. या भीतीने मात्र कित्येक जण वरची किडलेली दाढ वर्षानुवर्षं तशीच ठेवतात, आणि तिथला पू वर पसरला तर डोळ्याला खरंच धोका होतो.

बाजारात एक माणूस धुरी देऊन दातातली कीड काढून दाखवतो. अळ्या दिसतात हो!

भुईरिंगणीच्या बियांची धुरी ही जुनी गोष्ट आहे, घरोघरी ऐकलेली. पण दातात अळी नसते. 'कीड' हा आपला शब्दच फसवा आहे. दात पोखरतात ते डोळ्यांना न दिसणारे जीवाणू, साखरेपासून आम्ल तयार करून. खड्डा तसाच राहतो आणि तोंड भाजतं ते वेगळंच.

कॅप निघून हातात आली.

जपून ठेवा, घेऊन या. फेव्हिक्विकने चिकटवू नका. ते हिरडी जाळतं आणि कॅप वाकडी बसली तर दात कोरून काढावी लागते.

जांभई देताना जबडा उघडाच राहिला.

निखळला आहे. खालून हाताने आधार द्या, बोलायचा प्रयत्न करू नका, जवळच्या डॉक्टरकडे जा. लवकर पोचलात तर मिनिटभराचं काम असतं. मार लागून दात जुळेनासे झाले किंवा खालचा ओठ बधिर झाला, तर जबडा मोडल्याचा संशय धरा.

सहावा महिना आहे आणि दाढ दुखते. डिलिव्हरीपर्यंत थांबू?

थांबू नका, ताई. चौथा ते सहावा महिना दातांच्या उपचाराला सगळ्यात सोयीचा, आणि आणीबाणी असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करता येतो. बधिर करायचं साधं इंजेक्शन चालतं, गरज पडली तर शिशाचा एप्रन घालून एक्सरेही. बाळाला जास्त त्रास आईच्या तापाचा, उपासमारीचा आणि पसरलेल्या संसर्गाचा होतो. सासूबाई नको म्हणत असतील तर त्यांनाही सोबत आणा, मी समजावून सांगेन.

हे सगळं टाळायचं तर काय करावं?

माझ्याकडे येणारे मोडके दात प्रामुख्याने दुचाकीवरून येतात. पूर्ण चेहरा झाकणारं, हनुवटीपुढे कडं असलेलं हेल्मेट घ्या. अर्धं हेल्मेट डोकं वाचवतं, जबडा उघडाच ठेवतं. कबड्डी, हॉकी, बॉक्सिंग खेळणाऱ्या मुलांना माउथगार्ड द्या. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा प्रकार खेळाच्या दुकानात मिळतो, दवाखान्यात मापाचाही बनवून मिळतो. दहीहंडीच्या थरांवर चढणाऱ्या गोविंदांना तो का देत नाहीत, हे मला कधी कळलं नाही. दुसऱ्याचा गुडघा किंवा डोकं तोंडावर आपटूनच तिथले दात जातात.

दात हे चावायचं साधन आहे. सुपारी फोडणं, बाटलीचं झाकण उघडणं, बर्फ फोडणं, दोरा तोडणं यात दाढा उभ्या चिरतात, आणि उभी चीर मुळात गेली की बहुतेकदा दाढ काढावीच लागते. संक्रांतीनंतर चिक्की आणि कडक तिळगुळाने तुटलेल्या दाढांची रांग लागते. मोठी भरलेली दाढ किंवा रूट कॅनाल करून कॅप न बसवलेली दाढ असेल तर चिक्की दुसऱ्या बाजूने खा. डाळ-तांदूळ निवडायचा कंटाळा करू नका, एक खडा पुरतो.

बाकीच्या आणीबाण्या किडीतून येतात आणि त्या वर्षभर आधी दिसत असतात. रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करणं सकाळच्या ब्रशपेक्षा जास्त महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी होते. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. चंद्रपूर, यवतमाळकडच्या ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या पालकांनी पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं. मुलाची सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते, पालक ती दुधाचीच समजतात आणि ती किडते. ती आली की दाखवा, तिच्या चिरा सीलंटने बुजवता येतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही अशी तरुण मुलं येतात. त्यांची साधी दाढ काढणंही मग अवघड होऊन बसतं.

रविवारी रात्री सगळे दवाखाने बंद. जायचं कुठे?

श्वास, गिळणं, न थांबणारं रक्त, डोक्याचा मार: १०८. ही सेवा महाराष्ट्रात आणि गोव्यातही आहे. सूज किंवा अपघात असेल तर जिल्हा रुग्णालयात अपघात विभाग रात्रभर चालू असतो. दिवसा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं नायर दंत रुग्णालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे कमी खर्चात सगळे उपचार होतात. पण आजच एक काम करा: आपल्या नेहमीच्या दंतवैद्यांना वेळेबाहेर फोन केला तर चालेल का, हे विचारून नंबर घेऊन ठेवा.

घरात काय ठेवावं?

झाकणाची छोटी डबी, गॉज, सलाइनची बाटली, लवंगेचं तेल, पॅरासिटामॉल, आणि मुलाच्या दातांना तारा असतील तर तार टोचते तिथे लावायचं मेण. शाळेत मैदानाशेजारच्या खोलीत फ्रिजशिवाय टिकणाऱ्या दुधाचा एक छोटा खोका ठेवा आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा: "दात पडला तर यात."